औट गेलं, आता अडीच

मा. संपादक,

स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या अंकात आतल्या पानावर मथळा होता, ‘यात्रेला साडेदोन लाख भाविक’. मी तो वाचून पुढे गेले आणि पुढच्या बातमीच्या मध्येच अडखळले. तांदळात खडा लागावा तसं झालं. मागे येऊन पुन्हा पाहिलं. साडेदोन. छपाईतली चूक म्हणावी, तर खाली बातमीतही दोनदा तेच. म्हणून हे पत्र. लांबलं तर कात्री तुमच्याकडे आहेच.

मी बार्शीची. वय पाऊणशेला दोन उणे. पंचेचाळीस वर्षं गावातल्या बायकांची झंपरं, परकर, पोरींचे झगे शिवले. माझे वडील भुसार आडतीवर मापाडी होते. म्हणजे माप हा आमच्या घरचा धंदाच. वडील धान्य मापायचे, मी अंग आणि कापड. म्हणून या बाबतीत मला चार शब्द बोलायचा हक्क आहे असं मी समजते.

वडिलांचं मापणं मी लहानपणी पोत्यांच्या थप्पीवर बसून पाहिलंय. ज्वारीच्या ढिगापुढे उकिडवे बसून पायली भरायची, वरून हात न फिरवता शीग तशीच ठेवायची आणि पोत्यात पालथी करायची. तोंडानं मोजणी चालू. पण पहिल्या पायलीला ते कधी ‘एक’ म्हणत नसत. ‘लाभ’ म्हणत. लाभ, मग दोन, मग तीन. मला वाटायचं एक या आकड्याचं खरं नाव लाभच आहे. शाळेत बाईंनी पाटीवर एक काढून विचारलं, हे काय, तर मी ‘लाभ’ म्हणाले आणि वर्गभर हशा पिकला. चार शेरांची पायली, तिची निम्मी ती अधोली, अर्ध्या शेराचं मापटं, पाव शेराचं चिपटं. ही मापं घरात उतरंडीसारखी एकात एक बसवून ठेवलेली असत. १९५६ सालच्या कायद्यानं किलो-ग्रॅम आले, वडिलांच्या हातात लोखंडी वजनं आली, तरी शेतकऱ्याशी बोलताना पायली काही त्यांच्या तोंडातून गेली नाही.

आता मूळ मुद्दा. दिवाळीच्या आधी नातीच्या परकरासाठी कापड घ्यायला गेले. दुकानाचं नाव सांगत नाही, कारण मुलगा चांगला होता, नवा होता. मी म्हटलं, ‘या हिरव्यातलं पावणेदोन मीटर दे.’ त्यानं पट्टी लावून सरसर मोजलं, कात्रीचा एक कट दिला आणि टर्रकन फाडलं. घडी हातात आली ती जड लागली. इतकी वर्षं कापड हाताळलेल्या हाताला एवढा फरक कळतो. काउंटरवर उलगडून वितीनं मोजत गेले. दोन मीटर पंचाहत्तर! मी विचारलं तर तो म्हणाला, ‘काकू, पाऊण म्हणजे पंचाहत्तर ना? मग दोन आणि पंचाहत्तर.’ त्याचं गणित बरोबर होतं, शब्द चुकला होता. कापड फाडलेलं, परत कोण घेणार? मी पैसे देऊन आले.

घरी हे सांगत होते तर पुण्याहून आलेला नातू मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाला, ‘आजी, हे शब्दच विचित्र आहेत. साडेतीन चालतं, साडेचार चालतं, मग साडेदोननं काय घोडं मारलंय?’ तो बुद्धिबळ खेळतो. मी म्हटलं, घोडं मारलं नाही, पण तुझा तो घोडा अडीच घरं चालतो, साडेदोन नाही. तो हसला, पण मला कळलं की हे काही उत्तर झालं नाही. दीड आणि अडीच यांनाच वेगळी नावं का? बाकी सगळे साडेच्या रांगेत गुमान उभे, आणि हे दोघेच का ऐटीत बाजूला? पंचेचाळीस वर्षं रोज हे शब्द वापरून मला ते सांगता येईना.

आमच्या वाचनालयात संस्कृतचे एक निवृत्त सर दुपारी पेपर वाचायला येतात. त्यांना विचारलं. त्यांनी कपाटातून व्युत्पत्तीचा कोश काढला, मी वहीत उतरवून घेतलं. पुढचं शहाणपण त्यांचं, भाषा माझी.

पाव म्हणजे पाद. पाद म्हणजे पाय. जनावराला पाय चार, त्यातला एक तो पाव. म्हणजे पावशेर तूप मागताना आपण शेराचा एक पाय मागत असतो! चार आण्यांची पावली तीच. (ती पावलीही २०११च्या जूनअखेरीस सरकारनं बंद केली.) पाऊण म्हणजे पाद-ऊन, पायानं उणा. लंगडा म्हणा ना. पाऊण एक, म्हणजे एकाला पाव कमी. पावणेदोन, म्हणजे दोनाला पाव कमी. त्या दुकानातल्या पोराला कोणी एवढं सांगितलं असतं की ‘ऊन’ म्हणजे वजा, आणि ते ऊन त्या शब्दाच्या पोटातच बसलंय, तर त्यानं आयुष्यात पुन्हा कापड जास्त फाडलं नसतं. सव्वा उलटा. स-पाद, पायासकट. शेरास सव्वाशेर भेटतो तो शेराला एक पाय जास्त घेऊन आलेला असतो. सत्यनारायणाच्या प्रसादाला रवा-तूप-साखर सव्वाच्या मापानं घेतात, देवापुढे सव्वा रुपया ठेवायचे, तेही पुरं भरून वर थोडं, वडिलांच्या शिगेसारखं.

साडे म्हणजे सार्ध, स-अर्ध, अर्ध्यासकट. आता इथे माझा नातू जिंकला. साडेदोन म्हणजे अर्ध्यासकट दोन. त्यात व्याकरणानं चूक काहीच नाही. सरांनी तसं सांगितलं तेव्हा माझा चेहरा पडला असणार, कारण त्यांनी लगेच पान उलटलं.

दीड हा शब्द द्वि-अर्ध यावरून आला. दुसरा अर्धा. म्हणजे एक पुरा आहे हे सांगायचंच नाही, ते गृहीत. दुसरा आहे तो अर्धाच आहे. अडीच हा अर्ध-तृतीय. प्राकृतात त्याचा अड्ढाइज्ज झाला, आपल्याकडे अडीच, हिंदीत अढाई-ढाई. तिसरा अर्धा. दोन भरून झाले, तिसरं माप चाललंय, ते निम्म्यावर आलंय. मी वहीतून मान वर केली तर मला आमचे वडील दिसले. दोन पायल्या पोत्यात गेल्या, तिसरी हातात, ती निम्मी भरली आणि ढीग संपला. साडे म्हणणारा माणूस सगळं झाल्यावर हिशेबाला बसलेला असतो, अडीच म्हणणारा अजून ढिगाशी उकिडवा बसलेला असतो. हे कोशात नाही, माझं मला वाटलं.

पण खरी गंमत पुढे आहे. याच रांगेत तिसरा एक शब्द होता. अर्ध-चतुर्थ, चौथा अर्धा, म्हणजे साडेतीन. त्याचा झाला औट. आमच्या वडिलांना औटकी, म्हणजे औटाचा पाढा, पाठ होती. शाळा त्यांची चौथीपर्यंतच, पण पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी, औटकी सगळी तोंडावर. बे औट सात, तीन औट साडेदहा, चार औट चौदा. आडतीवर मुनीम कागद-पेन्सिल शोधेपर्यंत हे रक्कम सांगून मोकळे. आता औट कुठे उरलाय? ‘औटघटकेचं राज्य’ यात. घटका चोवीस मिनिटांची, औट घटका म्हणजे चौऱ्याऐंशी मिनिटं. तासाला पाव घालून वर नऊ मिनिटं. हिंदी सिनेमा त्याहून मोठा असतो. आपल्या राजकीय पानावर हा शब्द वरचेवर येतो. तो लिहिणाऱ्या किती जणांना तो साडेतीनाचा आहे हे माहीत असेल, याची मला शंका आहे. आमच्या गल्लीत विचारलं तर एकानं सांगितलं, औट म्हणजे क्रिकेटमधला आउट, राज्य आउट झालं म्हणून औटघटका! मला ते उत्तर आवडलंही.

म्हणजे पाहा, साडेतीन हाही एके काळचा घुसखोरच. साडे आधी चारापासून वर होता. मग एक पायरी उतरून तिनावर आला आणि औटाला उठवून त्याच्या जागी बसला. आता आपल्याला साडेतीन मुहूर्त, साडेतीन शक्तिपीठं, पेशवाईतले साडेतीन शहाणे यात काही खटकत नाही. आता तो आणखी एक पायरी उतरून दोनावर आलाय, आपल्या मथळ्यात. पुढची पायरी साडेएक. तीही मी ऐकलीय. माझ्याकडे शिवण शिकायला येणारी एक मुलगी म्हणाली, ‘काकू, शिलाईला साडेएक इंच सोडू?’ मी म्हटलं सोड, पण मग कुणा दीडशहाण्याला यापुढे साडेएकशहाणा म्हणावं लागेल, आणि त्यानं कोणाला राग येणार नाही.

त्या मुलींचंही सांगते. कापड मीटरवर विकलं जातं आणि शिवलं जातं इंचावर, हा आमच्या धंद्यातला जुना घोळ. टेपला एका बाजूला सेंटीमीटर, दुसऱ्या बाजूला इंच. छाती चौतीस, तिचा चौथा हिस्सा साडेआठ, त्यात दीड मिळवला की दहा, तिथे खडूची खूण. मुली म्हणतात आठ पॉइंट पाच. तेही समजतं. पण ‘आठ पॉइंट पंचवीस’ म्हटलं की त्या टेपवर पंचवीस शोधत बसतात. इंचाच्या टेपवर पंचवीसच्या नावाची रेघ नसते. इंचाचे आठ सूत, त्यातले दोन सूत पुढे गेलं की पाव. सव्वाआठ म्हटलं की बोट आपोआप तिथे जातं. गेल्या महिन्यात एकीनं आठ पंचवीसच्या जागी आठ आणि अर्ध्याच्या रेघेवर खूण केली आणि गिऱ्हाइकाचं झंपर बगलेत ढिलं झालं. ते उसवून पुन्हा मी शिवलं.

माझी एक भाची जर्मनीत, स्टुटगार्टला असते. तिला फोनवर हे सगळं उत्साहानं सांगितलं तर पलीकडून ती ओरडलीच. म्हणाली, ‘मावशी, इथे गेल्या गेल्या माझी याच्यावरूनच फजिती झाली!’ तिला कोणीतरी ‘हाल्ब ड्राय’ला भेटायला बोलावलं होतं. हाल्ब म्हणजे अर्धा, ड्राय म्हणजे तीन. तिनं इंग्रजीच्या सवयीनं साडेतीन समजून घेतलं आणि तासभर उशिरा पोचली. जर्मनीत अर्धा-तीन म्हणजे तिसरा तास अर्धा झालेला. अडीच वाजलेले. अर्ध-तृतीय! दीडाला त्यांच्याकडे एक वेगळा शब्दही आहे म्हणे, ‘आन्डर्टहाल्ब’, आणि त्याचा अर्थ दुसरा अर्धा. बार्शीत जन्मलेली, अडीच अडीच करत वाढलेली पोरगी, आणि तिला अडीच ओळखू आला नाही, कारण मध्ये इंग्रजी उभी होती.

तिनं आणखी एक सांगितलं. तिथेही पंचवीस म्हणताना आधी पाच आणि मग वीस म्हणतात, आपल्यासारखंच. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसला वीस एक, पंच्याहत्तरला सत्तर पाच अशी वाचनपद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. तेव्हा मीही तावातावानं बोलले होते. आता थोडी मवाळ झालेय, कारण सदुसष्ट सांगितलं की शहात्तर लिहिणाऱ्या मुली माझ्याकडे दर बॅचला दोन तरी असतात. कानावर आधी सात पडतो, हात आधी सात लिहितो. अडचण खरी आहे. तरी बाजारात अजून कोणी मला सत्तर पाच रुपये सुटे मागितले नाहीत. आणि एकोणीस, एकोणतीस, एकोणपन्नास यातही तेच ‘ऊन’ लपलंय, एक-ऊन-वीस. म्हणजे ज्याला एकोणीस कळला त्याला पाऊण कळायला हरकत नाही. फक्त नव्याण्णवला एकोणशंभर का म्हणत नाहीत हे मी सरांना विचारलं. ते म्हणाले संस्कृतात एकोनशत आहे, नवनवतिही आहे, मराठीनं दुसरा उचलला. मला वाटतं शंभराच्या इतक्या जवळ येऊन कमी आहे म्हणणं जिवावर आलं असेल.

मोठ्या आकड्यांचंही सर बरंच बोलले, पण ते माझ्या कामाचे नाहीत. एवढ्या कापडाचा परकर कोण नेसणार! तरी दोन गोष्टी लिहिल्यावाचून राहवत नाही. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात लीलावतीत एकं दहं पासून परार्धापर्यंत अठरा नावं दिली आहेत, आणि शेवटी म्हटलंय, ‘व्यवहारार्थं कृताः पूर्वैः’. आधीच्या लोकांनी ही नावं व्यवहारासाठी केली. त्यात कोटी म्हणजे टोक, धनुष्याचं टोक असतं ते. अब्ज म्हणजे पाण्यात जन्मलेलं, कमळ. आणि अब्जाच्या दहापट, हजार कोटी, त्याचं नाव खर्व, म्हणजे बुटका! हजार कोटींना बुटका म्हणणाऱ्या माणसांनी व्यवहार तरी किती मोठे पाहिले असतील. दुसरी गोष्ट, आपण बातम्यांत ‘लाख कोटी’ लिहिता त्याला त्या यादीत एकच नाव आहे, महापद्म. ते वापरा असं मी म्हणणार नाही, वाचकांना वाटेल बातमी तलावाची आहे. पण मागे एकदा आपल्याकडे बिलियनचं भाषांतर ‘दशलक्ष’ झालं होतं, ते मात्र हजारपटीनं चुकतं. दशलक्ष म्हणजे मिलियन. बिलियन म्हणजे अब्ज, शंभर कोटी.

हे शब्द जातात हे मला कळतं. नवटाक गेला. बहात्तर टांकांचा शेर होता तेव्हा नऊ टांक म्हणजे शेराचा आठवा हिस्सा, तो नवटाक. आमची आई नवटाक चहापत्ती आणायला पाठवायची. आता हा शब्द गुत्त्याच्या वाटेवरच ऐकू येतो. शेरच गेला, तर नवटाक कशाला राहील? पायली गेली तशी अधोली गेली. त्यात रडण्यासारखं काही नाही. पण अडीचचं तसं नाही हो. अडीच काही कुठल्या शेराला बांधलेला नाही. अडीच किलो, अडीच लिटर, अडीच जीबी, अडीच लाख भाविक, सगळ्याला तो चालतो. घड्याळात रोज दोनदा वाजतो. ज्याचं काम शिल्लक आहे त्याला का उठवायचं? औट गेला तेव्हा कोणी पत्र लिहिलं नसेल. आता पेपर आहे आणि मला लिहिता येतं.

तेव्हा विनंती एवढीच, की मुद्रितं तपासणाऱ्यांच्या टेबलावर एक चिठ्ठी लावावी, साडे तिनापासून वर. खाली दीड आणि अडीच. पाव ओळीत मावेल.

त्या हिरव्या कापडाचं राहिलंच. पावणेदोनात परकर झाला. जास्तीच्या एक मीटरात नातीला पोलकं बसवलं, बाहीला उरलेल्या तुकड्याची झालर लावली. मूळ बेत नुसत्या परकराचा होता. पाडव्याला ती ते घालून गल्लीभर फिरली. परवा पुन्हा त्या दुकानात गेले होते अस्तराला. पोरानं मला पाहिलं आणि पट्टी उचलायच्या आधीच विचारलं, ‘काकू, पावणे म्हणजे आधीचं ना?’

आपली नियमित वाचक,
शिवणकाम करणारी एक आजी
बार्शी, जि. सोलापूर